लाल गाडी आणि सहाव्या दिवसाचं पाणी

त्या गाडीबद्दल मला कसलाही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीत वेगळं ऐकायला मिळेल. आप्पासाहेबांना विचाराल तर ते चहा पाजून अर्धा तास वेगळंच सांगतील. पण गाडी माझी होती, बायको माझी होती आणि कंबर धरली तीही माझीच. तेव्हा हकीकत सांगायचा पहिला हक्क माझा.

गाडी मी विकत घेतली नव्हती. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस लाल रंगाची, दोन दारांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार विकत घेत नाही. ती त्याच्यावर येऊन पडते. बीड बायपासला एक नवी वसाहत होत होती आणि तिच्या प्रत्येक इमारतीला पोहण्याचा तलाव असल्याची जाहिरात होती. साल दोन हजार पंधरा. शहराला पाणी देणाऱ्या नाथसागर जलाशयाचा तळ दिसायला लागलेला, प्यायला पाणी नाही, आणि हे तलाव बांधायला निघालेले. मी तिथं गेलो तो नुसता जाब विचारायला. एवढं पाणी आणणार कुठून, हा प्रश्न मी तीस वर्षं फायलीवर लिहीत आलो आहे. तिथल्या मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमचं म्हणणं या कार्डावर लिहा आणि पेटीत टाका." मी लिहिलं. दोन्ही बाजूंनी लिहिलं, खाली सही आणि फोन नंबरही घातला. ती पेटी लकी ड्रॉची होती. महिन्याभरानं पहिलं बक्षीस म्हणून निषेधाचं पत्र लिहिणाऱ्या माणसाला हार घालून गाडीची किल्ली देण्यात आली. माझं पत्र कुणी वाचलं की नाही, ते मात्र अजून कळलेलं नाही.

गाडी दारात आली आणि सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला अर्थात आप्पासाहेबांचा. सिडकोतल्या आमच्या गल्लीत एकवीस रो-हाउस आहेत आणि आप्पासाहेब त्यांच्या समितीचे तहहयात अध्यक्ष आहेत. ते गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "सदाशिवराव, विकून टाका. एक तर टँकर मागं घ्यायला जागा उरणार नाही. शिवाय गल्लीत गाड्या धुवायला बंदी आहे. शिवाय लाल रंगावर धूळ फार दिसते. आणि शिवाय, राग मानू नका, पण आपलं वय."

पुण्याहून मिहिरचा, म्हणजे आमच्या चिरंजीवांचा, फोन आला. "बाबा, विका. ती जमिनीला घासते. तुमच्या वयाला कंबर सांभाळायची असते." सूनबाई स्वराली मागून म्हणाली, "विकायच्या आधी टप उघडून एक फोटो पाठवा."

वय, वय आणि वय. मी साठ पूर्ण केली होती, साठाव्या मजल्यावरून उडी मारायला निघालो नव्हतो. जितक्या लोकांनी विका म्हटलं, तितकी ती गाडी मला जास्त आवडायला लागली.

नोंदणीसाठी मी आरटीओत गेलो. तिथल्या कारकुनानं माझे कागद पुढ्यात पसरले आणि चष्मा वर केला. "आधारवर एक वॉर्ड, लायसनवर दुसरा, वीजबिलावर तिसरा. तुम्ही नक्की राहता कुठं?"

"एकाच घरात. पंचवीस वर्षं. शहर वाढतंय, त्यात आमचा वॉर्ड तीनदा बदलला. घर हललेलं नाही."

"मग घर हललेलं नाही असा दाखला आणा."

असा दाखला कुणीच देत नाही. महापालिकेत म्हणाले, तुमची गल्ली नव्या रचनेत दोन वॉर्डांच्या सीमेवर येते, साहेब आले की विचारू. साहेब कधी येतात, तर उद्या. तीस वर्षं मी लोकांना "उद्या या" म्हणत आलो. तो शब्द काउंटरच्या बाहेरच्या बाजूनं इतका वाईट लागतो हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी मी घरी बसून माझ्या खात्याच्या जुन्या पद्धतीनं एक अर्ज लिहिला, उपरोक्त विषयास अनुसरून आणि संदर्भ एक ते सात जोडून. तो वाचायला लागू नये म्हणून कारकुनानं त्याच दिवशी काम केलं.

सरावाला मी हर्सूलच्या तलावात जात असे. काठावर नाही, तलावात. त्या वर्षी तिथं तळाला भेगा पडलेल्या होत्या आणि पोरं क्रिकेट खेळत होती. जलाशयाच्या आत मोटार चालवणारा आमच्या खात्यातला मी बहुधा पहिलाच. आनंद झाला असं म्हणवत नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

या सगळ्यात उमा, म्हणजे आमची ही, काहीच बोलली नव्हती. गाडीला नंबर मिळाला त्या संध्याकाळी ती तांदूळ निवडताना म्हणाली, "डोंगरात जाऊ या. लांब. नऊ दिवस."

 नऊ हा आकडा आमच्या घरात सहलीच्या संदर्भात कधी उच्चारलाच गेला नव्हता. कारण आमच्या गल्लीला सहाव्या दिवशी पाणी येतं. किती वाजता, ते पाणी सोडणाऱ्यालाच माहीत. पाचोडहून आलेला आमचा वॉचमन त्रिंबक पाइपाला कान लावून बसतो आणि पाणी आलं की शिट्टी फुंकतो. मग जो धावतो त्याला मिळतं. नळाला मोटर जोडल्याशिवाय हौदात थेंब पडत नाही, पण या विषयावर पाटबंधारे खात्याच्या माणसानं जास्त बोलू नये. थोडक्यात, त्या दिवशी घरी माणूस लागतं. आमच्या घरी ते माणूस म्हणजे उमा.

बावीस वर्षांत तिनं एक पाणी चुकवलं नव्हतं. मिहिरचं लग्न मुहूर्त बघून नाही, पाण्याचा दिवस टाळून ठरलं. तिच्या बहिणीच्या मुलीचं, दिपालीचं, लग्न गंगापूरला होतं. घराला कुलूप लावून आम्ही सगळे पाच दिवस आधीच गेलो होतो. अक्षता पडल्या आणि ही जेवणाचं ताट तसंच ठेवून माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपनं परत आली, कारण त्रिंबकचा फोन आला होता. माहेरी चार दिवस, फार झाले तर पाच. सहावी रात्र तिनं बावीस वर्षांत घराबाहेर काढलेली नव्हती.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"सोडायचं," ती म्हणाली. "एक पाणी सोडायचं. काय होतंय ते बघू."

ही बातमी गल्लीत कशी फुटली ते मला माहीत नाही, पण रात्रीची जेवणं व्हायच्या आत लोक आमच्या ओट्यावर जमले. कुणी म्हणालं, नळ वापरला नाही की गंज धरतो. कुणी म्हणालं, किल्ली आमच्याकडे द्या, आणि ते ज्या आवाजात म्हणालं त्यावरून किल्ली देऊ नये असं आमचं ठरलं. आप्पासाहेब सर्वांत शेवटी बोलले. "सदाशिवराव, वहिनींना मी ओळखतो. पाचव्या दिवशी त्या परत आलेल्या असतील. लिहून ठेवा."

उमा आतून बाहेर आली. "तुम्हीच लिहा, आप्पासाहेब. आणि जपून ठेवा."

सोमवारी पाणी आलं. उमानं हौद काठोकाठ भरला, पिंप भरलं, हंडे, कळशा, घागरी, कुकर, शेवटी पोह्याचा चमचा तेवढा कोरडा राहिला. मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. गाडीची पूजा झाली, पण तिला आंघोळ नव्हती. आप्पासाहेबांनी फुलाच्या पाकळीनं पाणी शिंपडलं, तेही बॉनेटवरच.

गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. तो आप्पासाहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला आहे आणि त्याची उंची त्यांच्या अधिकाराला साजेशी आहे. गाडीची पुढची चाकं त्याच्यावर चढली आणि पोट त्याच्यावर टेकलं. सगळी गल्ली बघत होती.

त्रिंबक वाकून खाली बघून म्हणाला, "काका, वज्जं लई झालं. काकूला उतरवा."

उमा उतरली, गतिरोधक चालत ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. गाडी खरवडत पार झाली. ती पुन्हा बसली. मागून आप्पासाहेबांचा आवाज आला, "नऊ दिवस म्हणे!"

हाच आमचा पुढच्या प्रवासाचा रिवाज झाला. गतिरोधक आला की मी थांबायचं, उमानं उतरायचं, पदर सावरत पलीकडे चालत जायचं, मी खरवडत यायचं, तिनं बसायचं. दौलताबादपर्यंत अकरा. महाराष्ट्रात किती गतिरोधक आहेत याचा आकडा सरकारकडे नसेल, पण त्या मार्गापुरता तो माझ्याकडे आहे.

दौलताबादच्या घाटात स्वरालीच्या फोटोसाठी मी टप उघडला. बटण दाबताच तो मोठ्या ऐटीत मागं घडी होऊन बसला. फोटो काढला. पुन्हा बटण दाबलं, तर आतून फक्त घरघर आली. कन्नडपर्यंत आम्ही भाद्रपदातलं ऊन डोक्यावर घेत गेलो. तिथं फकिरा नावाच्या गॅरेजवाल्यानं गाडी पाहून आधी हात जोडले. "काका, ऐसी गाडी मैं पिक्चर मेंच देखा." मग त्यानं दोन तास आत डोकं घातलं, एक स्क्रू काढला, तो परत बसेना, म्हणून माझ्या हातावर ठेवला. "अब्बी बंद मत करो. टूटेगा. आणि तसं बी, पाऊस कुठंय?"

त्या वर्षी मराठवाड्यात या वाक्यावर कुणाला उत्तर देता येत नव्हतं. मी स्क्रू खिशात टाकला.

कन्नडचा घाट उतरताना ट्रकांची रांग तुंबली. उंच ट्रकांच्या मध्ये आमची गाडी अशी होती, की माझ्या कानाशी ट्रकचं चाक आणि आकाश फक्त सरळ वर. वरून केळ्याची साल पडली ती उमाच्या मांडीवर. तिनं ती उचलून नीट पिशवीत ठेवली. ड्रायव्हरनं खिडकीतून खाली डोकावून विचारलं, "अरे, नीचे कोई है क्या?"

"आहे!" मी ओरडलो. "सहकुटुंब आहे!"

एक तास तिथं गेला. पण मग रांग हलली, वळण आलं, आणि एकदम सगळा खानदेश पायाशी पसरलेला दिसला. उमा सीटवर गुडघे टेकून उभी राहिली, कारण वर टप नव्हता. वारा तोंडावर घेत ती कितीतरी वेळ तशीच होती. मला तेव्हा वाटलं, फकिराचे उपकार झाले.

डोंगर मात्र गतिरोधकांनी भरलेले होते. सप्तशृंगीच्या गडाकडे जाताना एका गावात उमा अशीच उतरून चालायला लागली, तर आवडाबाई नावाची सीताफळं विकणारी बाई तिच्या बरोबर चालत आली आणि मला म्हणाली, "दादा, भांडान झालं आसंल तर घरात मिटवावं. बाईमाणसाला आसं रस्त्यात उतरवू नये." मी भांडण झालेलं नाही असं सांगितलं. तिनं उमाकडे पाहिलं. उमा डोंगराकडे बघायला लागली. दोन सीताफळं तिला मिळाली, मला नाही.

शुक्रवारी, चौथ्या दिवशी, भंडारदऱ्याला पोचलो. इथं यायचं कारण मी उमाला वाटेत सांगितलं होतं. तीस वर्षं मी ज्या पाण्याविषयी पत्रं लिहिली, "वरील धरणांतून खाली पाणी सोडणेबाबत", त्यातलं एक वरचं धरण मला डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं. भरलेलं होतं. मी टोपी काढून काही वेळ तिथं उभा राहिलो. रागानं की आदरानं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

विश्रामगृहाची व्यवस्था बन्सी नावाचा एक म्हातारा बघत होता. उमानं सामान ठेवायच्या आधी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

"येतं म्हंजी?" बन्सी म्हणाला.

"नळाला."

"ते जातंय कुठं?"

उमानं नळ सोडला. पाणी आलं. तिनं बंद केला, पाच मिनिटं थांबली, पुन्हा सोडला. पुन्हा आलं. शनिवारी सकाळी बन्सी चहा घेऊन आला तेव्हा खोलीतली बादली, तिच्यातला मग, दोन्ही पेले, चहाची किटली, फुलदाणी, सगळं भरलेलं होतं. खोलगट असून कोरडी राहिली ती फक्त माझी टोपी. त्यानं ट्रे खाली ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही.

त्याच दिवशी फाटकाशी गतिरोधक आला, उमा उतरली, तेव्हा बन्सी धावत आला. "बाई का उतरल्या?"

"गाडी घासते," मी म्हणालो.

"मंग तिरपी घाला की, सायेब. आधी एक चाक चढवायचं, मागनं दुसरं. आमी बैलगाडी बी तशीच घालतो."

मी घातली. उमासकट घातली. कुठं काही खरवडलं नाही. तोपर्यंत ती एकशे एकोणसत्तर वेळा उतरून चालली होती. उमानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

रविवार उजाडला. सहावा दिवस. आठ वाजता त्रिंबकचा फोन आला. "काकू, आज तीन वाजता पानी सुटनार, पक्की खबर हाय. आन् आनखी एक वंगाळ बातमी. हितून पुढं सहा न्हाई, आठ दिसाला येनार म्हनं. आजचं गेलं तर मग पुढल्या सोमवारीच. अध्यक्ष सायेब म्हनले, वहिनीला कळवून टाक. निघा आता, गाठता तुमी."

निघालो असतो तर गाठलं असतं. मी मनात हिशोब केला, संगमनेर, कोपरगाव, वैजापूर, गंगापूर, अडीचपर्यंत घरी. उमानं बॅग भरली. घरून बरोबर आणलेली पातेली, डबे, थर्मास, सगळं नीट कोंबलं. मला तिचा चेहरा बघवेना. बावीस वर्षांची सवय नऊ दिवसांच्या हट्टानं सुटत नाही, हे मी समजायला हवं होतं. मी तिला म्हणालो, "जाऊ दे. पुन्हा येऊ."

"पुन्हा कधी आलोय आपण?" ती म्हणाली.

गाडी फाटकाशी आली. गतिरोधक तिरपा घालून पार केला. पुढं रस्ता फुटतो. उजवीकडे घर, डावीकडे घाटघर आणि मग कडा. मी उजवा इंडिकेटर लावला.

"डावीकडे," उमा म्हणाली.

"अगं, पाणी..."

"येऊ दे पाणी. मी आहे का त्याची नोकर? बावीस वर्षं मी त्याच्यासाठी थांबले. आज ते थांबू दे नाहीतर जाऊ दे." तिचा आवाज चढला होता. बन्सी फाटकात उभा राहून ऐकत होता. "आप्पासाहेबांना सांगा, मी डावीकडे वळले."

मी डावीकडे वळलो. खरं सांगतो, सरकारी नोकरीत असताना एकदा तरी असं कुठंतरी डावीकडे वळायला हवं होतं, असं मला त्या वळणावर वाटलं.

घाटघरला कड्यावर पोचलो तेव्हा खाली कोकण ढगात बुडालेलं होतं. दुपारी अचानक अंधारून आलं आणि सर धरली. तिथं आलेले सगळे लोक आपापल्या गाड्यांत पळाले. आमच्या गाडीला टप नव्हता, स्क्रू माझ्या खिशात होता. मी फकिराला आठवत ओरडत होतो, "बॅगा उचल! सीट भिजतायत!"

उमानं बॅग उघडली, पण कपडे वाचवायला नाही. तिनं पातेली काढली. डबे, थर्मासचं झाकण, दोन पेले, कुकरचं भांडं. ते सगळं तिनं सीटवर, पायाशी, डॅशबोर्डवर ओळीनं मांडलं आणि स्वतः पावसात उभी राहून कुठलं भरतंय ते बघायला लागली. बंद काचांमागून लोक आमच्याकडे टक लावून बघत होते. एका पोरीनं मोबाइल काढला. मी म्हणणार होतो, अगं लोक बघतायत. मग मीही माझी टोपी उलटी करून बॉनेटवर ठेवली.

सर ओसरली तेव्हा तीन वाजले होते. कड्याच्या टोकाला कोकणातल्या टॉवरची रेंज येते. फोन वाजला आणि पलीकडून कुणी बोललं नाही, फक्त शिट्टी ऐकू आली. लांब, जोरात, आमच्या गल्लीतली. उमाचा उजवा हात आपोआप वर गेला, मोटरचं बटण घरी जिथं असतं त्या उंचीवर, आणि हवेत थांबला.

"काकू, आलं पानी," त्रिंबक म्हणाला. "पोचला का?"

"नाही," उमा म्हणाली. "आम्ही लांब आहोत, त्रिंबक." आणि तिनं फोन बंद केला.

मग तिनं मला विचारलं, "इथलं पाणी कुठं जातं?" तीस वर्षांत मला हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मी सविस्तर सांगितलं. कड्याच्या या बाजूला पडलं तर कोकणात, समुद्रात. त्या बाजूला पडलं तर प्रवरेत, प्रवरासंगमाला गोदावरीत, तिथून नाथसागरात आणि तिथून पाइपानं आपल्या नळाला. निदान कागदोपत्री तसं आहे.

उमानं एकेक भांडं उचललं आणि आपल्या बाजूच्या ओहोळात रिकामं केलं. शेवटचा डबा ओतताना म्हणाली, "जा. माझ्याशिवाय जा." माझ्या टोपीतलंही मी ओतलं. डोळे भरून आले होते, पण आधीच सगळा भिजलेला असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

पुढचे दोन दिवस आम्ही कळसूबाईच्या पायथ्यानं, घाटातून, भातखाचरांच्या कडेनं हिंडलो. गाडीच्या सीटमधून वळणावर पाणी यायचं. बुधवारी, नवव्या दिवशी, परत निघालो. गंगापूरला वडाप जीपमधल्या लोकांनी आम्हाला पाहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कुठल्या अर्थानं होत्या ते मी विचारलं नाही, हात मात्र हलवला.

गल्लीत पोचलो तर ओट्यावर लोक जमलेले. लाल गाडी आता मातीच्या रंगाची झाली होती. आप्पासाहेब पुढं आले. त्यांच्या हातात अर्धी बादली पाणी होतं आणि चेहऱ्यावर मोठं औदार्य. "वहिनी, मागचं सगळं विसरा. शेजारधर्म म्हणून आणलंय. सोमवारपर्यंत कसं निभावणार तुम्ही? आम्हालाच आठ दिवस पुरायचं नाही. मी तरी म्हणत होतो, पाचव्या दिवशी परत या."

मागं आणखी दोघंतिघं तांब्या-कळशी घेऊन उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ दिवस राजासारखं हिंडून शेवटी दारात भिक्षा!

उमा हौदाजवळ गेली. किती तळ दिसतोय ते बघायला तिनं झाकण उचललं, आणि तशीच उभी राहिली. मी गेलो. वाकून पाहिलं. मग आप्पासाहेब आले आणि त्यांनीही वाकून पाहिलं.

हौद काठोकाठ भरलेला होता. निघायच्या आदल्या दिवशी भरला होता तसाच.

मग तांब्या-कळशीवालेही एकेक करून वाकून बघून गेले. शेवटी त्रिंबक पुढं झाला, त्यानं आत डोकावून पाहिलं आणि सरळपणे म्हणाला, "आसंल की भरल्याला. तुमी घरी व्हताच कुठं वापराया?"

एकवीस घरांची गल्ली, त्यात दोन इंजिनिअर, एक प्राध्यापक, तहहयात अध्यक्ष आणि पाण्याच्या खात्यातला तीस वर्षांचा हेडक्लार्क. बावीस वर्षांत ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

उमा झाकण धरून उभी होती. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "म्हणजे दिपालीच्या लग्नात," ती हळू म्हणाली, "मी जेवू शकले असते."

 मी फक्त तिच्या शेजारी उभा राहिलो.

मग तिनं पदर खोचला, आप्पासाहेबांच्या हातातली बादली घेतली, हौदात बुडवली आणि काठापर्यंत भरून त्यांच्या हातात परत दिली. "घ्या. तुम्हाला पुरायचं नाही ना? सगळ्यांनी भरून घ्या. त्रिंबक, आधी तुझं भर." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढचं पाणी सोमवारी ना? आज बुधवार. गाडी फिरवा."

"आत्ता? अगं, माझी कंबर!"

"कंबर गाडीतही दुखेल. मला महाबळेश्वर बघायचंय. आणि सोमवारी यायचंच आहे असंही नाही."

मी गाडी फिरवली. टप अजून उघडाच होता. गल्लीच्या तोंडाशी आप्पासाहेबांच्या गतिरोधकापाशी मी सवयीनं थांबलो. उमा उतरली नाही. पाय ताणून बसली होती.

"तिरपी घाला," ती म्हणाली.

मी घातली. आधी एक चाक, मागून दुसरं. पोट कुठंही टेकलं नाही. त्रिंबकनं शिट्टी फुंकली, तशी पाणी आलं समजून दोन घरांतून माणसं धावत बाहेर आली. आप्पासाहेब भरलेली बादली दोन्ही हातांनी सांभाळत बाजूला झाले.